स्त्रीवाद शिकवते आणि बाळावर ओरडते

पत्र: "ताई, मी चौतीस वर्षांची. नाशिकजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. स्त्री-चळवळीवर पीएचडी चालू आहे. लेक चौदा महिन्यांची. तासिकेवर असल्यामुळे पगारी रजा मिळाली नाही, तिसऱ्या महिन्यात कामावर गेले. नवरा चांगला आहे, सांगितलं की मदत करतो. गेल्या महिन्यात रात्री तीन वाजता लेक रडायची थांबेना. मी तिला आपटल्यासारखी पाळण्यात ठेवली आणि 'गप्प बस' म्हणून ओरडले. ती दचकून गप्पच झाली. तो चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. आई म्हणते, आम्ही नाही का पोरं वाढवली? संघटनेतली मैत्रीण म्हणते, तूही शेवटी दुपटी-लंगोटात अडकलीस. आणि खरं सांगू? लेकीला सोडून मीटिंगला जावंसं मलाही वाटत नाही. लेकीला सांभाळणाऱ्या मावशींच्या जिवावर माझं सगळं चाललंय. परवा कळलं, त्यांची नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला शाळा बुडवते. मी आई म्हणून नापास की स्त्रीवादी म्हणून? पीएचडी सोडून देऊ का?"

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या रात्रीबद्दल बोलू. पुन्हा तशी वेळ आली तर लेकीला पाळण्यात नीट ठेव, खोलीबाहेर ये, नवऱ्याला उठव आणि आत पाठव. पाच मिनिटं ती रडली तर तिला काही होत नाही. पण इतक्या लहान मुलाला रागाच्या भरात हलवणं, आपटणं धोक्याचं असतं. म्हणून अंगात राग असताना तिला हातात घ्यायचं नाही, एवढा नियम आजपासून कर. आणि वेळ मिळूनही झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर उद्यावर ढकलू नकोस. बाळंतपणानंतरचं नैराश्य वर्ष उलटलं तरी असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आता राग. तुझ्याच विषयातलं सांगते. अमेरिकन कवयित्री एड्रिएन रिच तीन मुलग्यांची आई होती. १९७६ साली तिने आईपणावर पुस्तक काढलं, तेव्हा स्वतःची जुनी रोजनिशीच त्यात उघडी केली. पोरांवरचा जीव आणि त्याच पोरांवरचा कडवट संताप, दोन्ही तिथे शेजारी शेजारी आहेत. तिचं म्हणणं असं की आई आणि मूल यांचं नातं एक, आणि त्या नात्याभोवती समाजाने उभारलेली व्यवस्था दुसरी. आईने एकटीने, अखंड, हसतमुखाने सगळं निभवावं हे ती व्यवस्था धरूनच चालते. लेकीला सोडून जावंसं वाटत नाही म्हणतेस, ते नातं आहे. ते जप, त्यात हार कसली? शरीर पुरतं सावरलेलं नसताना तिसऱ्या महिन्यात तासिकेला उभं राहणं आणि रात्री तीनला एकटीने जागणं, ही व्यवस्था आहे. ओरडलीस तू लेकीवर, पण तुला इतकं थकवलं ते तिने नव्हे.

मैत्रिणीच्या टोमण्यालाही मोठा इतिहास आहे. १९७० मध्ये अमेरिकन स्त्रीवादी शुलामिथ फायरस्टोनने लिहिलं होतं की मूल पोटात वाढवण्याच्या ओझ्यातून तंत्रज्ञानाने बाईची सुटका करावी. आई होण्यापलीकडे दुसरं काही होऊच दिलं नाही, तर बायकांना आईपण सापळा वाटणारच. मला ते समजतं. पण विचार तिथे थांबला नाही. टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठात अँड्रिया ओ'रायली यांनी १९९८ मध्ये आईपणावरच्या संशोधनासाठी संघटना उभी केली, पुढे त्याच विषयासाठी प्रकाशनही काढलं. त्यांचा आग्रह स्त्रीवाद्यांकडेच होता: बाई म्हणून सोसावं लागतं ते तुम्ही मांडता, मग आई म्हणून वेगळं सोसावं लागतं तेही मांडा. मैत्रिणीला हे सांग, भांडणाच्या सुरात नको. आणि पुढची मीटिंग सतरंजीवर लेक रांगू शकेल अशा जागी, दिवसाउजेडी ठेवायला सांग. संध्याकाळी सातची वेळ लहान मूल असलेल्या बाईला कधीच जमत नाही, आणि मग ती आली नाही की "अडकली" म्हणायचं, हा मला सरळ अन्याय वाटतो.

आईला उलट उत्तर देऊ नकोस, तिला विचार. तू लहान असताना रात्री कोण उठायचं, घरात किती हात होते, तिला तेव्हा काय करावंसं वाटत होतं? हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅ या संशोधकांनी खेड्यापाड्यांतून लाखभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पहाटे दळताना बायका एकमेकींना कष्ट, माहेर, लेकीचा जन्म सांगत होत्या. "आम्ही वाढवली" म्हणणाऱ्या पिढीनेही सगळं मुकाट्याने केलं नव्हतं. तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव. पीएचडीत लागेल.

नवऱ्याचं थोडक्यात. "सांगितलं की करतो" यातलं सांगणं हेच काम आहे, आणि ते तू करतेस. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. आणि मुळात असं काम करणारे पुरुष शंभरात सव्वीसच होते. त्याला सुटी कामं देऊ नकोस, अख्खी जबाबदारी दे. लसीकरणाचं कार्ड त्याच्याकडे: तारीख त्याने लक्षात ठेवायची, दवाखान्यात त्याने न्यायचं, रात्री ताप आला तर त्याने जागायचं. एक दिवसाआड रात्र त्याची. त्याने दुपटं उलटं गुंडाळलं तरी तू उठून सरळ करायचं नाहीस.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला मावशींच्या मुलीचं वाटलं. ते तू सहज लिहून गेलीस, पण बोच तिथेच आहे. तू कामावर जाऊ शकतेस, कारण तिकडे एक नऊ वर्षांची पोर शाळा बुडवून भावाला कडेवर घेऊन बसते. आईपणावर लिहिणाऱ्या मध्यमवर्गीय बायकांच्या नजरेतून हेच पुष्कळदा निसटलं. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांनी ते ठासून मांडलं: काळ्या बायका पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांची मुलं वाढवत आल्या, आणि त्यांची स्वतःची मुलं आजी, मावशी, शेजारणी मिळून वाढवत आल्या. आपल्याकडे १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, असं ते म्हणाले. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे १९६१ चा देशभराचा कायदा आला, २०१७ मध्ये रजा बारावरून सव्वीस आठवड्यांवर गेली. यातलं मावशींच्या वाट्याला काय आलं? काही नाही. घरकाम करणारी बाई कायद्याच्या नजरेत अजून धड कामगारही नाही.

म्हणून तुझ्या हातात आहे ते कर. मावशींना धाकट्याला बरोबर आणायला सांग, दोन्ही मुलं एकत्र खेळतील आणि मोठी शाळेत जाईल. त्याबद्दल पगार कमी करायचा नाही. आठवड्याची एक भरपगारी सुट्टी आणि आजारपणाची रजा ठरवून दे. मुलगा तीन वर्षांचा झाला की अंगणवाडीत नाव घालायला त्यांच्याबरोबर तू स्वतः जा.

पीएचडी सोडायची नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांत संशोधक स्त्रियांना दोन वर्षांची जादा मुदत आहे, शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा आहे. मार्गदर्शकांना तोंडी विचारू नकोस, विद्यापीठात लेखी अर्ज दे आणि पोच घे. नोकरीतल्या बाळंतपणाच्या रजेचंही तसंच. दिल्ली महापालिकेत रोजंदारीवर काम करणाऱ्या बायकांना कायम नोकरी नसली तरी बाळंतपणाची रजा मिळालीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००० मध्ये सांगितलं. तासिकेवरच्या शिक्षिकेला ते कसं लागू करून घेता येईल, हे प्राध्यापकांच्या संघटनेला आणि कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचार. तुझ्या कॉलेजात तासिकेवरच्या आणखी कितीजणी आई झाल्या आणि गप्प बसल्या, त्यांची यादी कर. २०१७ च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराचीही तरतूद आहे, तेव्हा कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत किती माणसं आहेत तेही मोज. अर्जावर एकटीची सही नको, सगळ्यांची घे. मसुदा लिहिलास की मला पाठव, मी वाचून देईन.

तुझी,
ताई