आफ्रिकेत नदीकाठच्या सफारी लॉजवर राहिलं तर पैसे वसूल होतात का? रात्री भीती वाटत नाही का?

भीतीचं आधी सांगते, कारण पहिल्या रात्री मी आणि ताई जवळजवळ जाग्याच होतो.

आम्ही गेलो होतो झांबियातल्या साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात. लुसाकाहून छोट्या विमानाने म्फुवेला उतरायचं आणि तिथून गाडीने लुआंग्वा नदीपर्यंत. अलीकडच्या काठावर लॉज, पलीकडे उद्यान, आणि कुंपण कुठेच नाही. मुक्काम कॅनव्हासच्या तंबूत. रात्री अकराच्या सुमारास तंबूला लागूनच चर्र चर्र गवत उपटल्याचा आवाज सुरू झाला, मधूनच एक मोठा सुस्कारा. ताई कुजबुजली, "म्हैस आहे का गं?" म्हैस कसली, पाणघोडा! याची कातडी उन्हात टिकत नाही, म्हणून दिवसभर पाण्यात पडून राहायचं आणि अंधार झाला की चरायला वर यायचं. लॉजवाले पाणी घालतात, त्यामुळे आसपास हिरवं गवत तेवढं आमच्याच अंगणात. तिसऱ्या रात्री तो चरत होता आणि आम्ही दोघी घोरत होतो.

अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पडायचं नाही, जेवायला जाता-येता पहारेकरी टॉर्च घेऊन सोबत येतो. तंबूत फळं ठेवायची नाहीत, हत्तीला वास लागतो. एवढं पाळलंत की झालं.

आता पैशांचं. ते वसूल होणं दोन गोष्टींवर आहे: कोणत्या महिन्यात जाता आणि तुम्हाला एका जागी बसवतं का. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. तेव्हा रानात जागोजागी पाणी असतं, प्राणी पांगलेले असतात आणि आतले बरेच कॅम्प बंद असतात. जुलैनंतर आतली डबकी आटत जातात आणि सगळं रान नदीवर येतं. ऑक्टोबरात सर्वांत जास्त दिसतं म्हणतात, पण ऊन आपल्या विदर्भातल्या मे महिन्यासारखं. आम्ही सप्टेंबर निवडला, तो बरोबर ठरला.

चौथ्या दिवशी ताईच्या कमरेने जीपला नकार दिला. मीही राहिले. दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही नुसत्या व्हरांड्यात बसलो. समोरच्या उभ्या काठावर लाल वेडे राघू, शेकड्यांनी! आपल्या हिरव्या वेड्या राघूचे हे भडक किरमिजी भाऊबंद पावसाआधी इथे येऊन मातीच्या कड्यात बिळं कोरतात. एक घोरपड त्या बिळांकडे चढत होती, दोनदा घसरली. मग हत्ती आले. पुढची म्हातारी हत्तीण पाण्यात पाय घालून बराच वेळ थांबली, मग पिल्लांना मधे घेऊन सगळे उतरले. पाणघोड्यांनी कुरकुरत वाट दिली. वाळूवरची मगर मात्र जागची हलली नाही. संध्याकाळी जीपवाले बिबट्याचे फोटो दाखवत परतले. आम्ही छान छान म्हटलं आणि अजून एक चहा मागवला.

म्हणजे सफारीला जाऊच नका असं नाही. आपल्याकडे ताडोबात सूर्य मावळायच्या आत गेटबाहेर पडायची धावपळ असते, इथे अंधार पडल्यावरही झोताच्या दिव्याने रात्री आठपर्यंत फिरवतात. बिबटे इथे भरपूर, आम्हाला पाच दिवसांत तीन दिसले. पायी सफारीही करा. ती प्रथा याच लुआंग्वा खोऱ्यात १९५० च्या दशकात वन्यजीवरक्षक नॉर्मन कार यांनी रुजवली. पुढे बंदूकधारी रक्षक, मागे तुम्ही. विष्ठा, ठसे आणि वाळवीची वारुळं बघण्यात दोन तास जातात आणि कंटाळा येत नाही. थॉर्निक्रॉफ्टचा जिराफ ही जिराफाची एक उपजात, जगात फक्त याच खोऱ्यात आहे, तो नीट बघून घ्या. गेंडा मात्र इथे मिळणार नाही, शिकाऱ्यांनी केव्हाच संपवला.

शाकाहारी असाल तर आधी कळवा. रोजचं युरोपियन जेवण तिसऱ्या दिवशी नकोसं झालं, तेव्हा स्वयंपाक्याने त्यांच्या घरचं न्शिमा वाढलं. पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि सोबत दाण्याचं कूट घालून केलेली पालेभाजी. ताईने दोनदा मागून घेतली.

गडद निळे आणि काळे कपडे नेऊ नका, त्से त्से नावाची चावरी माशी त्या रंगांवर धावून येते. माझं निळं जाकीट दुसऱ्याच दिवशी बॅगेत गेलं. मलेरियाच्या गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. लॉजच्या दरात जेवण आणि दिवसाच्या दोन सफाऱ्या बहुधा धरलेल्या असतात, उद्यानाचं शुल्क धरलंय का ते लेखी विचारून घ्या.

आणि दुर्बीण माणशी एक न्या. आमच्यात एकच होती. ती कोणाच्या गळ्यात राहणार यावरून आम्ही पाच दिवस भांडलो.