मडफ्लॅप : कोणते घ्यावेत, कसे बसवावेत

प्रश्न : नवी हॅचबॅक घेतली, तिला मडफ्लॅप (चाकामागे चिखल अडवणाऱ्या पट्ट्या) नाहीत. शोरूमवाले चारचा संच सांगतात, दुकानदार म्हणतो मागचे दोन पुरेत. कंपनीचेच घ्यावेत की बाजारातले चालतील? (चिपळूण)

उत्तर : दोनच घ्यायचे असतील तर पुढचे घ्या. पुढचं चाक चिखल आणि खडी उडवतं ती थेट दाराखालच्या पट्टीवर, दाराच्या खालच्या भागावर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर. रंगाचे टवके तिथेच उडतात. मागच्या फ्लॅपचा फायदा तुमच्या बंपरला थोडा आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला जास्त. पावसाळ्यात घाटातून जाणं-येणं असेल तर चारही लावाच.

कंपनीचे किंवा त्याच मॉडेलसाठी साच्यात बनवलेले फ्लॅप गाडीच्या मूळ भोकांवर बसतात, ड्रिल मारावं लागत नाही. खरेदीचं हे एकच कारण पुरेसं आहे. मात्र नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका, गाडीचं सालही सांगा. नवी आवृत्ती येते तेव्हा बंपर आणि कमानीचा आकार बदलतो आणि जुना फ्लॅप अर्ध्या इंचाने चुकतो. डावा-उजवा, पुढचा-मागचा वेगळा असतो. फ्लॅपच्या पाठीवर ‘एलएच’ (डावा) किंवा ‘आरएच’ (उजवा) असं कोरलेलं असतं, ते दुकानातच पाहून घ्या.

कडक प्लास्टिक दिसायला छान, पण रिव्हर्स घेताना फूटपाथच्या कडेला टेकलं की तडकतं. घेण्यापूर्वी खालचा कोपरा हाताने वाकवून बघा. वाकल्या जागी पांढरी रेघ उमटली तर तो फ्लॅप फार दिवस टिकणार नाही. वाकून पुन्हा सरळ होणारा घ्या.

प्रश्न : फ्लॅप घरी बसवता येतात का? चाक काढावं लागतं का? (सातारा)

उत्तर : येतात. पुढच्यांसाठी चाक काढायची गरज नसते. डावा फ्लॅप बसवताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवा, उजव्यासाठी उजवीकडे. चाकाची मागची कड आत जाते आणि पेचकस घालायला जागा होते. मागे ही सोय नाही. तिथे आखूड पेचकस वापरा नाहीतर चाक काढा. चाक काढणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: बहुतेक छोट्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की त्याचा भरवसा उरत नाही. म्हणून जमीन सपाट हवी, गाडी पहिल्या गिअरमध्ये हवी आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावलेले हवेत. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा.

आधी कमान धुऊन पूर्ण वाळू द्या. चिखलावर फ्लॅप दाबून बसवला तर मधली माती प्रत्येक धक्क्याला पॉलिश पेपरचं काम करते आणि रंग घासून निघतो. जिथे फ्लॅप पत्र्याला टेकणार त्या कडेवर पारदर्शक संरक्षक फिल्मची बोटभर रुंद पट्टी चिकटवा. ही पट्टी फार कमी लोक लावतात आणि दोन-तीन पावसाळ्यांनी फ्लॅप काढल्यावर पत्रा उघडा पडलेला दिसतो.

मग आतल्या लायनरचे (कमानीच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराचे) स्क्रू काढा. बहुतेक गाड्यांत ते चौफुली डोक्याचे किंवा १० मिमीचे असतात, फोक्सवॅगन-स्कोडात ‘टी २५’सारखी ताऱ्याच्या आकाराची बिट लागते. प्लास्टिकची क्लिप असेल तर आधी मधली खिळी उचला, मग क्लिप ओढा. सगळे स्क्रू आधी हाताने दोन-तीन आटे लावून घ्या, फ्लॅप कमानीच्या कडेशी जुळवा, मगच कसा. बॅटरीवरच्या ड्रिलने कसू नका. समोर प्लास्टिकचा नट असतो, त्याचे आटे उडाले की स्क्रू नुसता फिरत राहतो. तसं झालंच तर त्या जागी पत्र्याचा ‘यू’ क्लिप-नट बसवा.

शेवटी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर आणि फ्लॅपमध्ये निदान २० मिमी अंतर आहे ना ते पाहा. मागच्या सीटवर तीन माणसं बसवून मागेही तेच पाहा, कारण रिकाम्या गाडीत दिसणारं अंतर भरल्या गाडीत कमी होतं. आठवड्याने स्क्रू पुन्हा एकदा कसा.

प्रश्न : गॅरेजवाल्याने पत्र्याला भोकं पाडून युनिव्हर्सल (कोणत्याही गाडीला चालणारे) फ्लॅप लावले. दुसऱ्याच वर्षी स्क्रूभोवती तांबूस डाग आले. (मालवण)

उत्तर : भोक पाडलं की त्याची कड उघडी पडते. कारखान्यात दिलेलं संरक्षण तिथे उरत नाही, आणि खाऱ्या हवेला तेवढी फट पुरते. फ्लॅप काढा, गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, गंजरोधक लावा, त्यावर झिंकयुक्त प्रायमर आणि मग टच-अप रंगाचे दोन हात. रात्रभर वाळू द्या. परत लावताना स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घ्या, पण नायलॉनचा वॉशर घालूनच. स्टेनलेस आणि साधा पत्रा खाऱ्या पाण्यात एकमेकांना भिडले तर गंजतो तो पत्रा.

भोक पाडण्याशिवाय इलाज नसेल तर ४.२ मिमीच्या स्क्रूसाठी ३ मिमीचं भोक पुरतं. स्क्रू आखूडच ठेवा. मागच्या कमानीत, पेट्रोलचं झाकण असलेल्या बाजूला लायनरमागून इंधनाची नळी जाते, आणि चाकाच्या एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सरची वायरही जवळपास असते. लायनर उघडून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका.

प्रश्न : शेतातल्या रस्त्याने जाताना काळी माती फ्लॅपमागे भरते. यंदा पुढचा फ्लॅप फाटला. (परभणी)

उत्तर : काळी माती ओली असताना फुगते आणि चिकटते, टायर ती वर ओढून फ्लॅपच्या कोपऱ्यात दाबत राहतो. थर टायरला भिडला की चाक फ्लॅपला खेचतं आणि तो स्क्रूपाशी फाटतो. तुमच्याकडे २० मिमी अंतर पुरणार नाही, ३५ ते ४० मिमी ठेवा. त्यासाठी अरुंद, रबरी फ्लॅप घ्या. युनिव्हर्सल असेल तर खालून आणि आतल्या बाजूने कापा, स्क्रूच्या बाजूने कधीच नाही. माती ओली असतानाच पाण्याने काढा. वाळल्यावर पेचकसाने टोकरली तर लायनर फाटतो. रस्ता महिनाभर तसाच राहणार असेल तर पुढचे फ्लॅप तेवढे दिवस काढून ठेवा आणि मोकळ्या भोकांत मूळ स्क्रू परत लावा.

प्रश्न : अलॉय आणि रुंद टायर घातल्यापासून वळणावर घासल्याचा आवाज येतो. फ्लॅप बदलू का? (ठाणे)

उत्तर : आधी फ्लॅपच्या आतल्या बाजूला काळा चकाकता पट्टा दिसतो का ते पाहा. दिसला तर टायर फ्लॅपलाच घासतो आहे. तेवढी कड कापली तर आवाज थांबेल. पट्टा लायनरवर असेल तर मात्र दोष फ्लॅपचा नाही, टायरचं माप किंवा अलॉयचा ऑफसेट (चाक आत-बाहेर किती बसतं ते माप) गाडीला जुळत नाही. टायर किंवा अलॉय दुकानातून बदलूनच घ्या.