सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्ष्यावर शिल्प करायचंय. प्राणी आणि पर्यावरण या विषयावरच्या कोणत्या शिल्पकाराचं काम पाहू?

गिली आणि मार्क या जोडप्याचं काम पाहा, त्यातही ‘द लास्ट थ्री’. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांपैकी उरलेले तिघे, सुदान, नाजिन आणि फातू, एकावर एक रचलेलं हे शिल्प मार्च २०१८मध्ये न्यूयॉर्कला लागलं. त्याच महिन्यात केनियात सुदान, म्हणजे शेवटचा नर, गेला. ‘वन्यजीव वाचवा’ म्हणण्यापेक्षा नाव असलेला एकेक जीव समोर आणायचा, हे त्यांच्याकडून घ्या. माळढोक दिसणंच दुर्मीळ झालेल्या सोलापुरात ते पटकन भिडेल.

पण त्यांची शैली उचलू नका. त्यांची माणसाचे कपडे घातलेली कुत्रा-सशाची जोडी मला तरी फार गोडगोड वाटते, आणि माळढोक मुळातच रुबाबदार. शिवाय गेंडा चार खांबांवर उभा असतो. इथे सुमारे मीटरभर उंचीचा जड देह दोन काटकुळ्या पायांवर, बोटं तीनच आणि तीही पुढे, मागचं बोट नाहीच. मी फायबरचे पक्षी करतो, ते मोडतात घोट्यातच. तेव्हा सळई पायांतून थेट चौथऱ्यात न्या, नाहीतर पायांभोवती कुसळी गवत दाखवून त्यातच आधार लपवा.