ओट्यावर ठेवायला लाकडी बाक घरीच बनवायचाय. लाकूड कुठलं घेऊ, मापं काय ठेवू? (बडोदा)

सुतार नसलात तरी जमेल. दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यासाठी मी केलाय.

लांबी ४ फूट, रुंदी १५ इंच, उंची १७-१८ इंच. नवा साग खिशाला झेपत नाही. जुन्या घराच्या पाडकामातला मिळाला तर सोनंच, चांगला वाळलेला असतो. कापण्याआधी खिळे मात्र शोधून काढा, नाहीतर करवतीचे दात गेलेच म्हणून समजा.

खरी गोम पायांत आहे. नुसते चार पाय फळीला ठोकले की बाक महिन्याभरात डुगडुगतो. दोन-दोन पाय आडव्या पट्टीने जोडा, मग त्या दोन जोड्यांना मधून एक लांब दांडा. स्क्रूआधी बारीक ड्रिलने भोक पाडा. मी आळस केला नि पहिलीच फळी उभी चिरली! बायको अजून ऐकवते.

बैठकीच्या फळ्यांत ५ मिलिमीटर फट ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पाणीही निथळतं. वरून उकळलेलं जवसाचं तेल (दुकानात तयार मिळणारं ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’, घरी उकळायचं नाही), दोन हात. तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकते. पसरून उघड्यावर वाळवा. पायांखाली रबरी बूच लावा.