आईचं रात्रीचं बीपी

प्रश्न: आई 62 वर्षांची, आर्णी तालुक्यात गावी राहते. सकाळी दवाखान्यात बीपी 132/84 भरतं. मी घरच्या मशीनवर रात्री 11 ला तपासलं तर 158/90! किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन 1.6 आहे. रात्री तीनदा लघवीला उठते, हल्ली दोन उशा घेते. खरं बीपी कोणतं? गोळी रात्री द्यावी का?

उत्तर: ताई, दोन्ही खरे. मला काळजी रात्रीच्या आकड्याची वाटते, आणि त्याहून जास्त त्या दुसऱ्या उशीची.

झोपेत बीपी दिवसापेक्षा 10 ते 20 टक्के उतरायला हवं. किडनी थकली की दिवसभराचं मीठ वेळेत बाहेर पडत नाही. ते काढायला शरीर रात्रीही दाब चढता ठेवतं. म्हणून लघवीला उठणं. हृदयाला मग रात्रीचाही विसावा नाही. असं वर्षानुवर्षं चाललं की त्याची भिंत जाड होते आणि फुफ्फुसात पाणी साचू लागतं. मग सपाट आडवं झालं की दम लागतो, म्हणून दुसरी उशी.

माझे वडील उन्हाळ्यात रात्री अंगणात बाजेवर उठून बसायचे. उकाड्यानं झोप येत नसेल, असं आम्ही समजत होतो. एका पहाटे मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला, तर खड्डा पडला तो भरेचना; अंगात पाणी साचलं होतं. मी डॉक्टर, आणि घरातलंच मला उशिरा दिसलं. तुम्ही आज रात्रीच आईची नडगी दाबून पाहा.

11 ला आई जागी होती, म्हणजे ते झोपेतलं बीपी नव्हे. त्यासाठी 24 तास दंडाला बांधायचं मशीन असतं. यवतमाळला चौकशी करा, नाहीतर नागपूरला. पण त्यासाठी थांबू नका. याच आठवड्यात फिजिशियनकडे न्या; लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन), ईसीजी आणि हृदयाचा इको (सोनोग्राफी) करून घ्या. क्रिएटिनिन 1.6 म्हणजे या वयाच्या बाईची किडनी मिनिटाला जेमतेम 36 मिलिलिटरच्या आसपास रक्त गाळते. 60 च्या खाली तीन महिने राहिलं की तो जुना किडनीविकार धरतात.

गोळीची वेळ स्वतःहून बदलू नका. 2022 साली ब्रिटनमध्ये 21 हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात सकाळी घ्या की संध्याकाळी, हार्ट अटॅक-लकव्यात फरक दिसला नाही. फरक मिठानं पडतो: लोणचं, पापड, सांडगी मिरची बंद. 'कमी सोडियम'चं मीठ मात्र आणू नका, त्यातलं पोटॅशियम अशा किडनीला झेपत नाही.

निंदणं-वेचणी करून कंबर दुखते म्हणून आई किराणा दुकानातून गोळ्या आणत असेल, तर त्या किडनी आणि हृदय दोघांनाही मारक. ती पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. झोपेतून दम लागून उठली, किंवा तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, गाडी काढा.