देवाचं प्रेम कधीच बदलत नाही, मग ख्रिस्ती विश्वासात आश्चर्य कसलं?

तुम्ही विचारलंय, देव काल होता तोच आजही आहे असं आपण म्हणतो, मग त्याच्या प्रेमाचं आश्चर्य का वाटावं? आणि उपासनेत बसून काहीच वाटत नसेल तर विश्वास कमी आहे का?

पहिल्याचं उत्तर बायबलमधल्या योना या संदेष्ट्याकडे आहे. देवाने त्याला निनवे या दुष्टाईने भरलेल्या शहराला इशारा द्यायला पाठवलं होतं. तिथल्या लोकांनी पश्चात्ताप केला आणि निनवेवर दया झाली तेव्हा तो इतका चिडला की मरण मागू लागला. गंमत म्हणजे देव दयाळू आहे हे त्याला आधीच ठाऊक होतं, म्हणून तर तो आधी निनवेला न जाता दूरच्या तार्शीशकडे पळाला होता. हे तो स्वतःच सांगतो (योना ४:२). शिकवण तोंडपाठ होती. धक्का बसला तो ती दया निनवेकरांच्या पदरात पडली म्हणून. प्रेम तेच, पण ते कुणाच्या दारात जाऊन उभं राहील याचा नेम नाही. येशूचा शिष्य पेत्र याच्याबरोबर कर्नेल्य या यहूदी नसलेल्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी गेलेले यहूदी विश्वासणारेही याच कारणाने थक्क झाले.

संडे स्कूलमध्ये मी हेच शिकवते आणि त्यावरून आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका वडीलजनांशी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एकाशी, माझं वाजलंय. धडा होता येशूच्या द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्याचा, म्हणजे बोधकथेचा: धनी दिवसभर वेगवेगळ्या वेळी मजूर लावतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. नुसता सांगण्यापेक्षा करून दाखवावा म्हणून काही मुलांना लवकर बोलावून बाकं लावायला, गीतांची पुस्तकं मांडायला लावली. बाकीची रमतगमत आली. एकजण तर शेवटच्या प्रार्थनेच्या तोंडावर उगवला, त्याने फक्त फळा पुसला. मग चॉकलेटं वाटली, शेवटी आलेल्यापासून, सगळ्यांना एकेक. जिने सगळी बाकं ओढली होती तिने चॉकलेट घेतलं, त्या मुलाकडे पाहिलं आणि ते परत माझ्या टेबलावर ठेवलं. "मग मी लवकर कशाला आले?" मी म्हटलं, शाब्बास, तुला दाखला कळला. पहाटेपासून राबलेल्यांची हीच तक्रार होती.

वडीलजन दारातून ऐकत होते. वर्ग सुटल्यावर म्हणाले, "ताई, पोरांच्या मनात देवाबद्दल तक्रार कशाला भरवता? देव न्यायी आहे एवढं सांगून मोकळं व्हायचं." पुढे कमिटीतही त्यांनी विषय काढला. अहो, ठरलेला दिनार, म्हणजे दिवसाची मजुरी, पहिल्यांना मिळालाच की! पण दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळते आणि ते बघून पोटात दुखतं, सगळा दाखला त्या दुखण्यात आहे. पैसे आधी पहिल्यांना दिले असते तर ते खुशीत घरी गेले असते, कुणाला पत्ताही लागला नसता. धनी मुद्दाम बजावतो, शेवटच्यापासून सुरू कर. ते गाळायचं असेल तर दाखला शिकवूच नये.

माझं मत विचाराल तर, ज्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही त्यांनी कृपेला पगार समजून खिशात टाकलेलं असतं. बायबलमधल्या मत्तय २५ मध्ये न्यायाच्या दिवशी राजा म्हणतो, मी भुकेलेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं; त्यावर उजवीकडचे, म्हणजे ज्यांना तो स्वीकारतो, तेसुद्धा विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिला? म्हणजे ज्यांना राज्य मिळतं त्यांनाही आधी काही कळलेलं नाही. आमच्या वडीलजनांना मात्र कोण कोणत्या बाजूला उभं राहणार हे आजच माहीत आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल एवढंच, अंगावर काटा येतो की नाही यावरून विश्वास मोजू नका. तसं गाण्याच्या चालीनेही होतं. आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं, मी बोलतेय ते कृपेबद्दल. घरात मृत्यू झालाय, आजारपण आलंय, आणि कुणी त्याला 'देवाचं सरप्राईज' म्हणालं, तर तिथून सरळ उठा.

मुलांना शिकवत असाल तर बोध सांगायची घाई करू नका, त्यांना आधी चिडू द्या. कुणी आक्षेप घेतलाच तर मत्तय २०:८ उघडून विचारा, सगळं गुपचूप उरकता येत असताना मजुरी शेवटच्यापासून का वाटली? आमच्याकडे हा प्रश्न कमिटीच्या पुढच्या बैठकीवर ढकललाय.