ऑटोकॅडमध्ये ४५० मिमी व्यासाचा गोल कॉलम काढायला ४५० टाकलं, तर वर्तुळ दुप्पट का येतं?

कारण केंद्रबिंदू दिल्यावर सर्कल कमांड आधी त्रिज्या विचारते, त्यामुळे तुमचे ४५० त्रिज्या धरले गेले आणि व्यास ९०० झाला. खालच्या कमांड लाइनवर नजर ठेवा, तिथे 'रेडियस' स्पष्ट लिहून येतं (घाईत ती ओळ कोणी वाचत नाही, हा भाग वेगळा). सी, एंटर, केंद्रावर क्लिक, मग डी, एंटर, ४५०, एंटर असं करा. पुढच्या कॉलमला डी पुन्हा द्यायची गरज नाही: केंद्र दिल्यावर कंसात आधीची त्रिज्या २२५ दिसते, नुसतं एंटर मारा. काढून झालेली चुकीची वर्तुळं पुसत बसू नका. सगळी एकदम सिलेक्ट करून कंट्रोल-१ दाबा आणि प्रॉपर्टीजमध्ये डायमीटर ४५० करा. केंद्र जागचं हलत नाही, त्यामुळे ग्रिडवरची जागा तशीच राहते. मात्र हे सगळं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तरच. साइट प्लॅन बऱ्याचदा मीटरमध्ये असतो, तिथे ०.४५ द्यावं लागेल. शंका असेल तर २३० मिमी जाडीची माहीत असलेली एखादी भिंत डिस्ट कमांडने मोजून बघा: २३० आलं तर मिलिमीटर, ०.२३ आलं तर मीटर.